पिवळे पडलेले चिलखत : प्लास्टिकच्या बाहुल्यांच्या वार्धक्याचा इतिहास

१/
१९७७ च्या नाताळात अमेरिकेतील कितीतरी मुलांच्या हाती भेट म्हणून पुठ्ठ्याचे एक चपटे पाकीट पडले. आत खेळणे नव्हतेच. होते ते एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुले घरपोच येणार होते. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी झळकला होता. त्याच्या खेळण्यांचे हक्क सिनसिनाटी शहरातील केनर कंपनीकडे होते, पण एवढ्या मागणीची कल्पना कोणालाच नव्हती. माल तयार होण्याआधी नाताळ येऊन ठेपला, म्हणून कंपनीने चक्क वचन विकले.

२/
१९७८ मध्ये बाहुले आले. उंची जेमतेम पावणेचार इंच. पहिल्या बारा जणांत स्टॉर्मट्रूपर नावाचा सैनिक होता आणि त्याचे चिलखत शुभ्र पांढरे होते. आज त्या पिढीतील अनेक स्टॉर्मट्रूपर जुन्या हस्तिदंताच्या रंगाचे दिसतात. काहींचे धड पांढरे राहिले, पण हात-पाय पिवळे झाले. काहींच्या बाबतीत नेमके उलट घडले. एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच खोक्यात राहिलेल्या दोन सैनिकांचे वयही सारखे दिसत नाही.

३/
ज्यांनी ते कधी उन्हात नेले नाहीत, कधी हाताळले नाहीत, त्यांच्याही संग्रहात हे घडले. प्लास्टिक कुजत नाही, ते शेकडो वर्षे टिकते, असे शाळेपासून ऐकलेल्या कोणालाही हे कोड्यासारखे वाटेल. कचऱ्याच्या ढिगात प्लास्टिक दीर्घकाळ उरते हे खरेच आहे. पण ‘उरणे’ आणि ‘जसेच्या तसे राहणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजण्यासाठी प्लास्टिकच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

४/
१८६२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी ‘पार्केसिन’ नावाचा नवा पदार्थ मांडला. वनस्पतींतील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनवला होता. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी त्याच वाटेने जाऊन कापराच्या साहाय्याने सेल्युलॉइड तयार केले. त्या काळी बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत महाग होत चालला होता. त्याला पर्याय शोधताना हा पदार्थ हाती आला. म्हणजे प्लास्टिकचा पहिला अवतार हस्तिदंताची नक्कल करण्यासाठी होता. शंभर वर्षांनंतरचे पांढरे प्लास्टिक म्हातारपणी हस्तिदंतासारखे दिसू लागले, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात राहण्याजोगा.

५/
सेल्युलॉइडच्या बाहुल्यांसाठी जर्मनीतील मानहाइमचा कारखाना प्रसिद्ध झाला. चिनी मातीच्या बाहुल्या पडताच फुटत, या फुटत नसत आणि पाण्यातही चालत. कारखान्याने आपले बोधचिन्ह म्हणून कासव निवडले होते. टणक पाठीचा, दीर्घायुषी प्राणी. ग्राहकाला सांगायचे होते ते एवढेच की ही बाहुली टिकेल.

६/
प्रत्यक्षात सेल्युलॉइडमधील कापूर हळूहळू उडून जातो, देव्हाऱ्यातल्या डबीतला कापूर जसा नकळत कमी होतो तसाच. कापूर गेला की वस्तू आक्रसते आणि तडकते. दुसरीकडे मूळ सेल्युलोज नायट्रेटचे विघटन होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते, आणि ते आम्ल उरलेल्या वस्तूला आणखी वेगाने खाते. शेजारी ठेवलेल्या धातूला, कापडालाही ते सोडत नाही. शिवाय हा पदार्थ पटकन पेट घेतो.

७/
या ज्वलनशीलतेची किंमत महाराष्ट्रानेही मोजली आहे. जुन्या चित्रपटांची फिल्म याच सेल्युलोज नायट्रेटची असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटांच्या आरंभकाळातील कितीतरी मौल्यवान रिळे नष्ट झाली. मानहाइमची बाहुली आणि मूकपटाचे रीळ ही एकाच पदार्थाची दोन भावंडे. दोघांचे आयुष्य त्यांच्या निर्मात्यांना वाटले त्याहून पुष्कळ कमी ठरले.

८/
तरीही टिकाऊपणाचे स्वप्न मागे पडले नाही. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट शोधले, आणि त्याच्या बोधचिन्हात गणितातील अनंताची खूण झळकली. १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी कडक पीव्हीसीमध्ये तेलासारखे द्रव्य मिसळून ते मऊ, लवचिक करण्याची रीत शोधली. १९५० च्या दशकात एबीएस बाजारात आले. तीन घटकांपासून बनलेले हे प्लास्टिक कठीण, चकचकीत आणि पडले तरी न फुटणारे होते. खेळण्यांच्या धंद्याला याहून वेगळे काय हवे होते?

९/
डेन्मार्कच्या लेगो कंपनीची कथा इथे बोलकी आहे. तिचे सुरुवातीचे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेटचे होते. काळाच्या ओघात ते वाकडे होत आणि एकमेकांत नीट बसेनासे होत. ज्या खेळण्याचा सारा प्राण ‘घट्ट बसणे’ यातच आहे, त्याला हे परवडणारे नव्हते. १९६३ मध्ये कंपनीने एबीएस स्वीकारले. तेव्हाचे एबीएस ठोकळे आजही नव्या ठोकळ्यांत बसतात. मात्र त्यांतले पांढरे आणि निळे ठोकळे रंगाने बदललेले दिसतात. आकार टिकला, रंग हरला.

१०/
याच सुमारास ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द जन्मला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सुमारे फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. बाहुली म्हटले की मुलगे हात लावणार नाहीत अशी विक्रेत्यांना धास्ती होती. भातुकलीच्या खेळातून मुलग्यांना दूर ठेवणाऱ्या समाजाला ती समजायला जड जाऊ नये. म्हणून ‘बाहुली’ हा शब्द टाळून नवे नाव घडवले गेले. केनरच्या यशानंतर १९८२ मध्ये जी. आय. जोनेही पावणेचार इंचांचे रूप घेतले. त्याची कंबर आतून एका छोट्या रबरी कडीने बांधलेली होती.

११/
इथेच संग्राहकांच्या पुढील दुःखांचे मूळ आहे. अशा बाहुल्यात एकच प्लास्टिक नसते. डोके मऊ व्हिनाइलचे, धड कठीण प्लास्टिकचे, हात-पाय आणखी वेगळ्या मिश्रणाचे, आत रबर, कधी पोलादी खिळा, वर रंगाचा थर. प्रत्येक भाग आपापल्या वेगाने म्हातारा होतो. शिवाय एकाच नावाच्या प्लास्टिकच्या दोन घाण्यांत रंगद्रव्ये आणि स्थिरीकारके वेगळी असू शकतात. स्टॉर्मट्रूपरचे धड पांढरे आणि पाय पिवळे का, याचे उत्तर या फरकांत दडलेले आहे.

१२/
पिवळेपणा नेमका येतो कसा? एबीएसला न फुटण्याचा गुण देतो तो त्यातील रबरासारखा घटक, पॉलिब्युटाडाइन. त्याच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि प्रकाशातील अतिनील किरण व हवेतील ऑक्सिजन सर्वांत आधी त्यांवरच हल्ला करतात. त्यातून असे नवे रासायनिक गट तयार होतात, जे निळा प्रकाश शोषून घेतात. परावर्तित प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे ज्या घटकामुळे खेळणे मुलांच्या हातून पडूनही वाचले, तोच घटक त्याला आधी वार्धक्य आणतो.

१३/
मग अंधाऱ्या खोक्यात ठेवलेला बाहुला का पिवळा पडतो? ऑक्सिजन खोक्यातही असतोच, आणि उष्णता त्याला मदत करते. त्याखेरीज आणखी एक विपरीत प्रकार घडतो. प्लास्टिकचे ऑक्सिडीकरण थांबावे म्हणून कारखान्यात त्यात रक्षक रसायने मिसळलेली असतात. त्यांतल्या काहींची हवेतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी प्रक्रिया होऊन पिवळी संयुगे बनतात. या प्रकारचा पिवळेपणा अंधारात वाढतो आणि उजेडात बऱ्याचदा ओसरतो. पहारेकऱ्यानेच भिंतीवर डाग पाडावा, तसे हे आहे.

१४/
पीव्हीसीची कथा निराळी. त्याच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागते आणि मागे एकाआड एक दुहेरी बंधांची रांग उरते. ही रांग लांबत गेली की रंग पिवळा, मग तपकिरी होतो. बाहुल्याच्या पुठ्ठ्यावरील पारदर्शक आवरण, ज्याला संग्राहक ‘बबल’ म्हणतात, त्यासाठी पीव्हीसी हे नेहमीचे प्लास्टिक होते. त्यामुळे कधीही न उघडलेल्या पाकिटाचे काचेसारखे आवरण मधाच्या रंगाचे झालेले आढळते. आतला योद्धा सुखरूप, पण खिडकी धूसर.

१५/
मऊ पीव्हीसीत आणखी एक चंचल पाहुणा असतो: सेमन यांच्या रीतीतले मृदुकारक द्रव्य. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, केवळ रेणूंच्या मध्ये वस्तीला असते. कालांतराने ते पृष्ठभागावर येते, बाहुला चिकट होतो, धूळ धरतो आणि आतून आक्रसत कडक होत जातो. जुन्या बार्बीच्या कानांवर जो हिरवा डाग दिसतो, त्याच्या मुळाशी कर्णभूषणातील तांबे आहे. त्या तांब्याचे हिरवे क्षार मऊ व्हिनाइलमध्ये झिरपतात आणि खोलवर पसरतात. वरून घासून ते निघत नाहीत.

१६/
काही खेळण्यांचा शेवट याहूनही अचानक होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांत सोनेरी झाक असलेले, चमकदार कण मिसळलेले प्लास्टिक वापरले गेले. १९८८ चा जपानी ‘ब्लॅक झॅरॅक’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. वर्षे गेली तसे हे प्लास्टिक इतके ठिसूळ झाले की सांधा हलवताच त्याचे तुकडे पडू लागले. संग्राहकांनी या आजाराला ‘गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम’ असे नाव दिले. ज्याचा रूपबदल हीच ओळख, त्या खेळण्याला आता कोणी हात लावायला धजत नाही.

१७/
हे सारे केवळ हळहळीपुरते राहिले नाही, कारण मधल्या काळात खेळण्यांचा मोठा बाजार उभा राहिला. बाहुला, पुठ्ठा आणि बबल यांना वेगवेगळे गुण देऊन पारदर्शक पेटीत बंद करणाऱ्या संस्था आल्या. कधीच बाजारात न आलेल्या, क्षेपणास्त्र सोडणाऱ्या बोबा फेटचा एक नमुना २०२४ मध्ये ५ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. अशा बाजारात पिवळेपणाची एक छटाही किमतीवर उमटते. साहजिकच पिवळा पांढरा करण्याची विद्या शोधली गेली.

१८/
ती विद्या आली जुन्या संगणकांच्या शौकिनांकडून. २००८ च्या सुमारास त्यांच्यात एक कृती पसरली: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश. तिला ‘रेट्रोब्राइट’ हे नाव मिळाले. चहाच्या रंगाचे आवरण काही तासांत पांढरे होताना पाहून अनेकांना चमत्कार वाटला. ही कृती लवकरच खेळण्यांच्या संग्राहकांपर्यंत पोहोचली आणि स्टॉर्मट्रूपर पेरॉक्साइडच्या भांड्यात उन्हात बसू लागले.

१९/
मात्र पेरॉक्साइड काळ मागे फिरवत नाही. ते पिवळा रंग देणाऱ्या गटांचे आणखी ऑक्सिडीकरण करून त्यांना रंगहीन बनवते. तुटलेली साखळी तुटलेलीच राहते. द्रावण असमान लागले तर ढगांसारखे पांढरे पट्टे उमटतात, रंगवलेले डोळे आणि पट्टे फिके होऊ शकतात, आणि बऱ्याच वस्तूंवर पिवळेपणा पुन्हा परततो. केसांना कलप लावल्याने वय कमी होत नाही, हा साधा न्याय इथेही लागू आहे.

२०/
इतिहासाच्या दृष्टीने खरा पेच इथून सुरू होतो. खेळणे हा पुरावा आहे, आणि रंग हा त्या पुराव्यातील मजकूर. १९७८ मध्ये केनरने सिअर्स दुकानांसाठी बनवलेला ‘स्नॅगलटूथ’ निळ्या पोशाखाचा आणि उंच होता. पुढे तो लाल आणि बुटका झाला. हा कारखान्यातला खरा बदल. पण उन्हाने विटलेला एखादा बाहुला ‘दुर्मिळ रंगाचा’ म्हणून विकला जाणेही शक्य असते. कोणता रंग कारखान्याचा आणि कोणता काळाचा, हे ओळखता आले नाही तर इतिहासच चुकीचा लिहिला जातो.

२१/
भारतीय खेळण्यांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फनस्कूल कंपनीने भारतात जी. आय. जो बनवले. या कंपनीचे उत्पादन केंद्र गोव्यातही आहे. अमेरिकी साच्यांतून निघालेल्या या भारतीय बाहुल्यांचे रंग मूळ अमेरिकी बाहुल्यांहून अनेकदा अगदी वेगळे होते, आणि नेमक्या याच कारणाने परदेशी संग्राहक आज त्यांचा शोध घेतात. इथे रंगातला फरक हा भारतीय उत्पादनाचा दस्तऐवज ठरतो. तो विटला, किंवा ‘सुधारण्याच्या’ नादात धुतला गेला, तर दस्तऐवजाचे पानच कोरे होते.

२२/
संग्रहालयांना या संकटाची जाणीव तशी उशिराच झाली. प्लास्टिक स्वस्त, म्हणून ते जपण्याजोगे नाही, आणि टिकाऊ, म्हणून जपण्याची गरज नाही, अशी दुहेरी समजूत होती. १९९१ मध्ये कॅनडातील ओटावा येथे विसाव्या शतकातील पदार्थांच्या जतनावर परिषद भरली. २००८ ते २०१२ या काळात युरोपात ‘पॉपआर्ट’ हा संयुक्त संशोधन प्रकल्प चालला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील इव्हॉन शाशुआ यांच्या संशोधनाने प्लास्टिकच्या जतनाला शास्त्राचे रूप दिले. २०१२ मध्येच न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये स्टार वॉर्सच्या बाहुल्यांचा समावेश झाला. खेळणे इतिहासात शिरले, तोवर त्याचे वय झालेले होते.

२३/
या संशोधनातून निघालेला बोध गमतीचा आणि अवघड आहे. सर्व प्लास्टिकला एकच औषध चालत नाही. सेल्युलॉइड आणि ॲसिटेट यांना मोकळी हवा हवी, कारण त्यांतून निघणारे आम्ल कोंडले तर ते त्यांनाच खाते. मऊ पीव्हीसीला उलट बंदिस्त जागा मानवते, कारण मोकळ्या हवेत मृदुकारक निसटत जाते. रबराला ऑक्सिजनपासून दूर ठेवावे लागते. सर्वांना समान उपयोगी एवढेच: कमी उजेड, कमी तापमान, आणि तापमान-ओलाव्यात स्थैर्य. माळ्यावरचा पत्र्याखालचा उन्हाळा आणि खिडकीतले ऊन हे दोन्ही शत्रूच.

२४/
‘तसाच नवा बनवून घेऊ’ हा मार्गही पूर्ण खुला नाही. जुन्या मऊ खेळण्यांत वापरली जाणारी काही थॅलेट मृदुकारके आरोग्याच्या कारणास्तव युरोपीय संघाने २००५ च्या कायद्याने आणि अमेरिकेने २००८ च्या कायद्याने लहान मुलांच्या खेळण्यांत निषिद्ध किंवा मर्यादित केली. हा निर्णय मुलांच्या हिताचाच. पण त्यामुळे जुने खेळणे आणि त्याची नवी आवृत्ती दिसायला सारखी असली, तरी द्रव्याने वेगळी असू शकते. मूळ वस्तू ही खऱ्या अर्थाने एकदाच घडलेली गोष्ट ठरते.

२५/
शिवकाळातील एखाद्या पत्राचा कागद तपकिरी झाला म्हणून कोणी तो ब्लीचमध्ये बुडवत नाही. कागदाचे वय हा त्याच्या साक्षीचाच भाग मानला जातो. प्लास्टिकला हा मान अजून मिळालेला नाही, कारण ते कायम नवे दिसेल असे वचन त्याच्या जन्मापासून दिले गेले: मानहाइमच्या कासवाने, बेकेलाइटच्या अनंताच्या खुणेने. पिवळा स्टॉर्मट्रूपर त्या वचनाची खरी किंमत दाखवतो. त्याच्या अंगावर कोणते द्रव्य मिसळले गेले, तो कोणत्या खोलीत, किती उजेडात राहिला, याची नोंद रेणूंच्या भाषेत लिहिलेली आहे.

२६/
विसाव्या शतकाचे बालपण मोठ्या प्रमाणावर प्लास्टिकमध्ये घडले. त्या बालपणाचे साक्षीदार आज माळ्यांवर, कपाटांत, खोक्यांत एकेका वेगाने विरत आहेत. त्यांना पुन्हा तरुण करता येणार नाही. त्यांचे वार्धक्य मंद करता येते, आणि ते वाचता येते. १९७७ च्या त्या पुठ्ठ्याच्या पाकिटात खेळण्याऐवजी वचन होते. वचन पाळले गेले, बाहुले आले. ते पुढच्या शतकापर्यंत पोहोचतील की नाही, हे आता केनरच्या हाती नाही. ज्यांच्या कपाटात ते आहेत, त्यांच्या हाती आहे.